फाइल नेमकी कुठे आहे?

संगणक नव्याने शिकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी वर्डपासून सुरुवात करायला लावतात. अक्षर ठळक कसं करायचं, रंग कसा द्यायचा, टेबल कसं टाकायचं. दोन महिन्यांनी टेबल जमतं, पण काल टाइप केलेलं पत्र आज सापडत नाही. नवी पेठेतल्या दुकानात बिलं करणारा मुलगा असो, जुळे सोलापुरात नातवाकडून शिकणारे निवृत्त काका असोत की एमआयडीसीत डिस्पॅचचं काम नव्याने हाती घेतलेली ताई असो, सगळे एकाच जागी अडकतात. आपण करतोय ते काम या क्षणी यंत्रात कुठे आहे, हे कुणी सांगितलेलंच नसतं. तेवढं पक्कं झालं की बाकीची बटणं माणूस स्वतः शोधून काढतो. म्हणून इथे सगळं त्या एका प्रश्नाच्या अंगाने लिहिलं आहे.

गादी आणि गोदाम

टेबलाखालच्या पेटीला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो. ती पेटी म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, पंख्याखाली बसलेली साधारण चार सेंटिमीटरची चौकोनी चिप असते. हिशेब तो करतो, पण तुमचं पत्र किंवा बिल सांभाळणं हे त्याचं काम नाही. ते रॅम आणि डिस्क या दोघांकडे असतं.

चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की गोदामातून चार घड्या आणून गादीवर उलगडतात. गादी हाताशी असते पण लहान. गोदाम मोठं, पण तिथून माल आणायला वेळ लागतो. रॅम म्हणजे गादी, डिस्क म्हणजे गोदाम. फाइल उघडली की तिची प्रत डिस्कवरून रॅममध्ये येते आणि तुम्ही टाइप करता ते सगळं या प्रतीत होतं. कंट्रोल धरून एस दाबलं की ती प्रत डिस्कवर लिहिली जाते. रॅम विजेवर जगते, वीज गेली की कोरी होते. डिस्कवर लिहिलेलं विजेशिवाय टिकतं. 'सेव्ह' या शब्दाचा अर्थ एवढाच.

आता मापं. घरच्या किंवा दुकानाच्या कामाला आज ८ जीबी रॅम धरावी. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण तेवढ्यावर क्रोमच्या दहा टॅब आणि एक्सेल एकत्र उघडलं की गादी भरते. मग विंडोज माल डिस्कवर ठेवत-उचलत बसते आणि माउससुद्धा अडखळतो. डिस्क घेताना फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क टाळा, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपची डिस्क घ्या. २५६ जीबी किमान, ५१२ मिळाली तर उत्तम. जुना पीसी 'स्लो' झाला म्हणून काढून टाकण्याआधी त्यात अडीच इंची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसवून बघा. अनेकदा सगळा रखडा त्या जुन्या तबकडीमुळेच असतो.

५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते आणि १ टीबीची ९३१ जीबी. यात दुकानदाराने काही मारलेलं नसतं. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून हा फरक पडतो.

सेकंडहँड यंत्र घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. 'आय५ आहे' एवढं ऐकून पैसे देऊ नका, पुढचा आकडा विचारा. आय५-७५०० म्हणजे सातवी पिढी, ८४०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. सातव्या पिढीचं यंत्र आज चालेल, पण त्यावर अधिकृतपणे विंडोज ११ चढत नाही.

ऊन, तंतू आणि वीज

सोलापूरचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश. पंखा प्रोसेसरवर खोलीतलीच हवा मारतो, त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत साधारण ८२ वर जातो. शंभराच्या आसपास पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि त्यानेही भागलं नाही तर यंत्र बंद पडतं. 'दुपारी हँग होतो, सकाळी नीट चालतो' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या बाजूला, जिथे शेजारीच माग चालतात, तिथे धुळीपेक्षा कापसाचे बारीक तंतू जास्त त्रास देतात. पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा खाली पोचत नाही. अशा जागी दर दोन-तीन महिन्यांनी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारावा. वायर काढा, पंख्याचं पातं पेन्सिलीने अडवून धरा म्हणजे ब्लोअरच्या जोराने तो भिंगरीसारखा फिरून खराब होणार नाही, आणि मग हवा मारा. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि भिंतीपासून चार-सहा इंच पुढे ठेवा.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार घेतो आणि एक डेस्कटॉप व मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवतो. हा वेळ काम पुढे रेटायला नसून सेव्ह करून नीट बंद करायला असतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडू नका. त्यातला शाई भाजणारा हीटर एकदम इतका करंट ओढतो की यूपीएस बीप देऊन सगळंच बंद करतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि उन्हात त्याआधीच. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर 'यूपीएस मोड'चं बटण आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा क्षण पीसीला जास्त होतो आणि तो रीस्टार्ट होतो.

चालू केल्यावर घड्याळ दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपला आहे. याचा इंटरनेटशी संबंध नाही असं वाटतं, पण आहे. तारीख चुकली की वेबसाइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं ब्राउझरला मुदतीबाहेरची दिसतात आणि बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडते. सेल बदला, तारीख दुरुस्त करा, साइट उघडते.

नाव, शेपूट आणि पत्ता

प्रत्येक फाइलला तीन गोष्टी असतात: नाव, शेपूट आणि पत्ता. शेपूट म्हणजे नावानंतरच्या टिंबापुढची अक्षरं, ज्याला एक्स्टेन्शन म्हणतात. डॉकएक्स म्हणजे वर्ड, एक्सएलएसएक्स म्हणजे एक्सेल, जेपीजी म्हणजे फोटो, ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज हे शेपूट लपवून ठेवते आणि नवशिक्यासाठी ते वाईट आहे. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो', त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. त्यानंतर 'बिल.पीडीएफ' असं वाटणारी फाइल खरं तर 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' आहे हे दिसतं. असं जोडशेपूट दिसलं की उघडू नका, ते बिलाच्या नावाखाली आलेलं व्हायरस असतं. आणि शेपूट हाताने बदलल्याने फाइलचा आतला प्रकार बदलत नाही. पीएनजी फोटोला नुसतं जेपीजी नाव दिलं तरी तो आतून पीएनजीच राहतो आणि कडक तपासणी करणारा ऑनलाइन अर्ज तो नाकारतो.

पत्ता म्हणजे ड्राइव्ह, मग फोल्डर, मग त्याच्या आतला फोल्डर. विंडोजची कळ आणि ई एकत्र दाबलं की एक्सप्लोरर उघडतो. वरच्या पट्टीत पत्ता दिसतो, तो दर वेळी वाचायची सवय लावा. ब्राउझरमधून घेतलेलं सगळं 'डाउनलोड्स'मध्ये जातं. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-जे दाबून यादी बघता येते आणि तिथूनच फोल्डर उघडता येतो.

इथे तीन ठिकाणी काम हरवतं.

पहिलं व्हॉट्सअ‍ॅप. व्यापाऱ्याने डेस्कटॉप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ऑर्डरची शीट थेट तिथूनच उघडली की ती एखाद्या तात्पुरत्या, आडबाजूच्या फोल्डरमधून उघडते. तुम्ही तासभर आकडे भरता, कंट्रोल-एस दाबता, सेव्ह होतंही. पण कुठे, ते तुम्हाला माहीत नसतं, आणि ती जागा कधीही साफ होऊ शकते. ईमेलला जोडून आलेल्या फाइलचंही हेच. उघडल्या-उघडल्या एफ१२ दाबा. वर्ड-एक्सेलमध्ये त्याने 'सेव्ह अ‍ॅज' उघडतं. आधी तुमच्या फोल्डरमध्ये ठेवा, मग पहिलं अक्षर टाइप करा.

दुसरं माउसने ओढणं. फाइल त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढली तर ती हलते, जुन्या जागी राहत नाही. दुसऱ्या ड्राइव्हवर, म्हणजे पेन ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते. एकाच हालचालीचे हे दोन अर्थ लोकांना माहीत नसतात आणि 'फाइल गायब झाली' म्हणतात. ओढण्यापेक्षा कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही वापरा, त्यात घोळ नाही. चुकून हलली असेल तर लगेच कंट्रोल-झेड.

तिसरं पेन ड्राइव्ह. सी ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये सापडते, पेन ड्राइव्हवरून पुसलेली तिथे जात नाही. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फाइलींच्या जागी शॉर्टकट दिसले तर ते व्हायरसचं काम आहे. फाइली बहुतेक वेळा आतच असतात, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका आणि घाबरून फॉरमॅटही करू नका, जाणकाराला दाखवा. शक्य असेल तर प्रिंटसाठी मूळ फाइल नेऊच नका. पीडीएफ करून वेगळ्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर न्या. एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असून कॉपी होत नसेल, तर तो ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यातला माल दुसरीकडे ठेवून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की ती जाते.

वर्डबद्दल थोडंच

वर्ड दर दहा मिनिटांनी आपली एक तात्पुरती प्रत ठेवतं, पण तुमच्या फाइलवर लिहीत नाही. आपोआप सेव्ह होणारं 'ऑटोसेव्ह' फक्त वनड्राइव्हसारख्या क्लाउडमधल्या, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेल्या फाइलींना लागू होतं. सेव्ह न करता बंद झालंच, तर 'फाइल'मध्ये 'इन्फो', त्यात 'मॅनेज डॉक्युमेंट', आणि 'रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स' बघा. मिळेलच असं नाही. नवीन पानावर पहिली ओळ टाइप करण्याआधीच नाव देऊन सेव्ह करणं हाच खरा इलाज.

वर्ड विकत घ्यायची ऐपत नसेल तर क्रॅक केलेलं घेऊ नका. 'अ‍ॅक्टिव्हेटर' चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच दार उघडं राहतं. लिब्रेऑफिस मोफत आहे, कायदेशीर आहे, आणि पत्र, हिशेब, सादरीकरण तिन्ही त्यात होतं. फक्त समोरच्याला फाइल पाठवताना डॉकएक्स किंवा पीडीएफ प्रकारात सेव्ह करा.

एक्सेल: आकडा की अक्षर

एक्सेलमध्येही प्रश्न तोच. चौकटीत दिसतंय ते आणि आत ठेवलेलं आहे ते एकच आहे का? टॉवेलच्या ऑर्डरची शीट घ्या. ए रकान्यात माल, बी मध्ये डझन, सी मध्ये दर, डी मध्ये रक्कम. डी२ मध्ये =बी२*सी२ लिहून चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला धरून खाली ओढलं की सगळ्या ओळींचा गुणाकार होतो. पण बी मध्ये कुणी '१२ डझन' असं शब्दासकट लिहिलं, तर एक्सेलच्या लेखी तो आकडा राहत नाही. गुणाकार चूक दाखवतो, ते बरं. रकान्याची बेरीज मात्र गप्प राहते. ती अशा चौकटी न सांगता वगळते, आणि एकूण डझन कमी भरतात. ओळखायची खूण सोपी आहे: काही न बदललेल्या रकान्यात आकडे उजवीकडे चिकटतात, अक्षरं डावीकडे. 'डझन' हा शब्द रकान्याच्या मथळ्यात लिहा, चौकटीत फक्त आकडा.

जीएसटीचा दर प्रत्येक ओळीत टाइप करू नका. तो एकदाच एच१ मध्ये ठेवा आणि ई२ मध्ये =डी२*$एच$१ लिहा. डॉलरची खूण म्हणजे 'ओढताना ही चौकट सोडू नकोस'. ती नसली तर पुढच्या ओळीत एच२ येतं, तिथे काही नसतं, आणि कर शून्य निघतो. सूत्रात चौकटीचं नाव लिहून एफ४ दाबलं की डॉलर आपोआप लागतात.

सर्वांत महाग पडणारी चूक खाते क्रमांकांची. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं. १६ अंकी खाते क्रमांक साधा टाइप केला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि मूळ अंक मग कुठेच उरत नाही, रकाना नंतर 'टेक्स्ट' केला तरी. बारा अंकी आधार क्रमांक शाबूत असतो, पण साध्या रकान्यात ई आणि अधिक चिन्हासकट आखडलेला दिसतो. सुरुवातीचं शून्य तर लगेच उडतं. म्हणून पगाराची किंवा बँकेला द्यायची यादी करताना आधी रकाना 'टेक्स्ट' करा, नंतर भरा. मागाहून केलेल्या उपायाने गेलेला अंक परत येत नाही.

टॅलीवाल्यांसाठी एवढंच: तुमचा सगळा हिशेब डेटा फोल्डरमध्ये १०००० अशा आकडी नावाच्या फोल्डरात असतो. साफसफाई करताना 'हे कसलं नंबरचं फोल्डर' म्हणून ते पुसू नका.

मराठी, आणि तेलुगू-कन्नडही

जुन्या छापखान्यांमधल्या फाइली श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये असतात. त्यात मराठी अक्षरं मुळात साठवलेलीच नसतात. साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फाँट त्यांना मराठी चेहरा देतो. तो फाँट नसलेल्या यंत्रावर पत्रिका उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते फोनवर, ईमेलमध्ये, सरकारी अर्जात सगळीकडे मराठीच राहतं आणि शोधताही येतं. नव्याने शिकताय तर फक्त युनिकोड शिका. छापखान्याला जुना फाँट हवा असेल तर तो कन्व्हर्टरने बदलून घेईल.

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन', तिथे मराठी जोडा. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. 'फोनेटिक'मध्ये इंग्रजी स्पेलिंग टाइप करून मराठी उमटतं, दोन दिवसांत जमतं. पण रोज मराठीत लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिका. डाव्या हाताला मुख्यतः स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'सोलापूर' लिहायला एम, ए, एन, ई, एच, टी, जे या कळा क्रमाने दाबायच्या: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार, र. जोडाक्षरासाठी मध्ये डी, म्हणजे पाय मोडायचा. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराआधी, पण दाबायची अक्षरानंतर. जुन्या फाँटवर हात बसलेल्यांचं इथेच चुकतं.

सोलापूरकरांना इनस्क्रिप्टचा आणखी एक फायदा आहे. ही मांडणी बहुतेक भारतीय लिपींना सारखीच आहे. 'के' या कळेवर मराठीत क, तेलुगूत क, कन्नडमध्येही क. घरात तेलुगू किंवा कन्नड आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाने बोटं एकदा बसवली की तिन्ही भाषांत लिहिता येतं. या शहरात तरी सगळ्या क्लासेसनी इनस्क्रिप्टच शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

फोटो अर्जात बसत नाही तेव्हा

बँक भरतीच्या अर्जांत फोटो २० ते ५० केबी मागतात, सही १० ते २० केबी. फोनचा फोटो ३ एमबीचा, म्हणजे साठपट मोठा. आधी चेहऱ्यापुरता कापा, मग पेंटमध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबून 'पिक्सेल्स' निवडा आणि २०० बाय २३० च्या आसपास आणा. जेपीजीमध्ये नव्या नावाने सेव्ह करा. मूळ फोटोवर सेव्ह केलंत तर मोठा फोटो गेला, लहान केलेला परत मोठा केला तर धुरकट होतो.

दुसरी प्रत

डिस्क हे गोदाम असलं तरी गोदामालाही आग लागते. एसएसडी तर अनेकदा कुरकुर न करता एका सकाळी दिसेनाशी होते. कामाच्या फाइलींच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. व्यवहारात याचा अर्थ असा: एक पीसीवर, एक एक्स्टर्नल डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर. तिथे मोफत १५ जीबी मिळतात, पण जीमेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात. वनड्राइव्हचे मोफत ५ जीबी भरले की नव्या फाइली वर जाणं थांबतं, सूचना कोपऱ्यात येते आणि लोक ती बंद करून टाकतात. एक्स्टर्नल डिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली राहिली तर विजेचा झटका किंवा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस दोन्ही प्रती एकदमच घेऊन जातो.

आणि प्रत घेतली म्हणजे ती उघडते असं धरू नका. दर महिन्याच्या एक तारखेला त्या कपाटातल्या डिस्कवरची कुठलीही एक शीट दुसऱ्या यंत्रावर उघडा, खालची बेरीज बघा, मूळ शीटशी ताडा, आणि डिस्कवर चिकटपट्टी लावून पेनाने तारीख लिहा.